लाजेपोटी घेतलेली बाटली

मैत्रिणींनो, तेलाचा डबा घेताना तुम्ही काय काय बघता? सील बघता, तारीख बघता, डबा कुठून चेपलाय का ते बघता. तूप बोटावर घेऊन वास बघता. केशराची काडी पाण्यात टाकून रंग कसा उतरतो ते बघता. आणि दुकानदाराने बिल दिलं नाही तर उंबरठ्यावरून परत फिरून मागून घेता. हो की नाही?

मीही अशीच आहे. शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे दर रुपयाची किंमत मला चांगली ठाऊक आहे. आणि तरीही गेल्या वर्षी मी दोन हजार रुपये अक्षरशः मोरीत ओतले. ते का, हे आज तुम्हाला सांगणार आहे. विषय थोडा अवघड आहे. काहीजणी नाक मुरडतील. पण पूर्ण वाचा आणि मग काय ते ठरवा.

झालं असं. पुण्याला माझ्या नणंदेच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. त्यांच्या मुलाने, माझ्या भाच्याने, फोन केला. "मामी, तू संगमनेरला, नाशिक तुझ्या हाकेच्या अंतरावर. येताना स्पार्कलिंग वाइनच्या दोन बाटल्या आण ना. आई-बाबांना केक कापताना एकेक घोट देऊ. दुकानातून नीट बघून आण हं!"

आमच्या सासरी मद्याचं नाव कधी निघालेलं नाही. पण दिवस बदलले, मुलं चार देश हिंडून आली. शिवाय भाच्याने इतक्या प्रेमाने सांगितलेलं. "हे" कामानिमित्त बाहेरगावी. म्हटलं, आपणच घेऊ, त्यात काय एवढं!

पण दुकानाच्या पायरीशी गेले मात्र, आणि पाय जड झाले. समोरून शाळेतल्या कुणा मुलीची आई तर येत नाही ना? काउंटरवर चार पुरुष उभे. मी पदर सावरला, खालमानेने "ती फेसाची वाइन, दोन" एवढंच म्हटलं. दुकानदाराने काचेच्या कपाटातून, अगदी समोर मांडलेल्या दोन बाटल्या काढल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या. मी पैसे दिले, पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली त्या दडवल्या आणि पाच मिनिटांत बाहेर. बिल मागितलं नाही. तारीख बघितली नाही. सुटले एकदाची, एवढंच मनात.

पुण्याला केक कापला. भाच्याने तारेची जाळी सोडवली, सगळ्यांनी कान झाकले. पण आवाज झालाच नाही! बूच नुसतं हातात आलं. पेल्यात ओतली तर फेस नाही, बुडबुडे नाहीत. रंग जुन्या मधासारखा गडद आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. दुसरी बाटलीही तशीच. ताईंचे यजमान म्हणाले, "असू दे हो वहिनी, आपण कोकम सरबताने साजरं करू." ताई हसल्या. पण भाच्याचा चेहरा उतरला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागाहून चष्मा लावून बाटली पाहिली, तर त्यावर छापलेला महिना चार वर्षांपूर्वीचा!

तक्रार करायची, तर बिल कुठे होतं? आणि त्या दुकानात परत जाऊन भांडायचं धाडस तरी कुठे होतं?

आपण फसतो का?

त्या रात्री झोप लागेना. विचार करता करता एक गोष्ट लख्ख कळली. मला दुकानदाराने फसवलं हे खरं, पण त्याला ती संधी माझ्या लाजेने दिली. जी वस्तू घेताना आपण ओशाळतो, ती आपण डोळे मिटून घेतो. आणि डोळे मिटलेलं गिऱ्हाईक दुकानदार बरोबर ओळखतो. जुना, पडून राहिलेला माल नेमका त्याच्याच पिशवीत जातो.

आता आधीच स्पष्ट सांगते. मी कुणाला पिण्याचा आग्रह करीत नाही. दारूने ज्यांचे संसार मोडले, अशा बायका आपल्या आजूबाजूला काय कमी आहेत? वाइन हेही मद्यच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्वच्छ सांगितलं आहे की, मद्याचं कोणतंही प्रमाण पूर्णपणे निर्धोक नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, औषधं चालू असलेल्यांनी आणि गाडी चालवणाऱ्यांनी तिला हातही लावू नये. ज्यांना नको, त्यांनी "नको" म्हणावं आणि कुणी आग्रह करू नये. पण एखाद्या प्रसंगाला ती घरात येणारच असेल, तर काय येतंय, कुठून येतंय, हे घरच्या बाईला कळलं पाहिजे. घरात येणाऱ्या इतर प्रत्येक वस्तूची पारख आपणच करतो, मग हिचीच का नको?

ही फसफसते कशी?

पुढच्या सुट्टीत मी "ह्यां"ना घेऊन नाशिकजवळची एक वायनरी बघायला गेले. माहिती सांगायला एक तरुण मुलगी होती, निफाडकडच्या द्राक्ष-बागाईतदाराच्या घरातली. तिने सांगितलेलं मला चटकन समजलं, कारण सगळं स्वयंपाकघरातलंच होतं.

इडलीचं पीठ आंबताना फुगतं ना? तसंच हे. द्राक्षांचा रस आंबवून आधी साधी वाइन करतात. मग ती जाड बाटलीत भरताना त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि घट्ट झाकण लावतात. बाटलीत ती पुन्हा आंबते. तयार झालेल्या वायूला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच मुरतो. आतला दाब पाच-सहा वातावरणांइतका होतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त! म्हणून तर बाटली इतकी जड आणि बुचावर तारेची जाळी.

यीस्टचा जो साका बाटलीत राहतो, त्याच्या संगतीने वाइन कित्येक महिने मुरते. मग बाटल्या हळूहळू फिरवत उलट्या करतात, साका तोंडाशी जमतो. तेवढा भाग गोठवून झाकण उघडलं की आतल्या दाबाने साका फटकन बाहेर! मग चवीप्रमाणे थोडी गोड वाइन घालून बूच बसवतात.

ही बाटल्या फिरवण्याची युक्ती कुणाच्या नावावर आहे, माहीत आहे? एका विधवेच्या. फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतातल्या बार्ब-निकोल क्लिको बाईंचे यजमान १८०५ साली वारले, तेव्हा त्या अवघ्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. त्यांनी धंदा स्वतः हाती घेतला, आणि १८१६च्या सुमारास भोकं पाडलेल्या लाकडी मेजात बाटल्या उलट्या खोचून साका काढण्याची पद्धत त्यांच्या तळघरात बसली. आजही त्यांच्या बाटलीवर "व्हव क्लिको" असं असतं. व्हव म्हणजे विधवा! त्याच प्रांतातल्या लुईझ पोमेरी या दुसऱ्या विधवेने १८७४ साली कमी गोड, म्हणजे "ब्रूट" चवीची शॅम्पेन काढली. गोडाची सवय असलेल्या जगाला तिने नवी चव दिली. आणि मी दुकानाच्या पायरीवर लाजत होते!

आपल्याकडेही हे नवं नाही. १९८०च्या दशकात पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावजवळ शामराव चौगुले यांनी फ्रेंच तज्ज्ञांची मदत घेऊन फसफसणारी वाइन केली. "ओमर खय्याम" या नावाने ती परदेशी बाजारातही गेली. पुढे नाशिक-दिंडोरीकडे एकामागून एक वायनऱ्या उभ्या राहिल्या. इथली वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये खुडतात. फसफसणाऱ्या वाइनची तर आंबटपणा टिकून असतानाच, थोडी आधी.

अस्सल म्हणजे काय?

येवल्याची पैठणी आणि यंत्रावर काढलेली नक्कल यांतला फरक तुम्हाला सांगायला नको. इथेही तसंच. "शॅम्पेन" हे नाव फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या वाइनचंच. दुसरीकडची कितीही चांगली असली तरी ती "स्पार्कलिंग वाइन". स्पेनची ती काव्हा, इटलीची ती प्रोसेको. आपली नाशिकची ती नाशिकची, तिला स्वतःचं नाव आहे, उसनं कशाला हवं? म्हणून स्वस्तातल्या बाटलीवर मोठ्या अक्षरात "शॅम्पेन" दिसलं, तर आधी मागची बाजू वाचा.

केकच्या दुकानात चकचकीत कागदाच्या गळ्याच्या बाटल्या असतात. मुलांच्या वाढदिवसाला त्या फटकन उडवतात. ते बहुधा वायू भरलेलं फळांचं सरबत असतं. त्यात वाईट काही नाही, ज्या घरात मद्य नको तिथे तर उत्तमच. पण त्यावर "अल्कोहोल नाही" असं लिहिलंय ना, ते पाहून घ्या, नाहीतर पाहुण्यांच्या मुलांच्या हाती भलतंच जायचं. काही वाइनमध्ये सोड्यासारखा वायू बाहेरून भरलेला असतो. त्यावर "कार्बोनेटेड" असं असतं. बाटलीत मुरवलेल्या वाइनवर बहुधा "ट्रॅडिशनल मेथड" असं लिहितात. प्रोसेकोसारखी वाइन मोठ्या टाकीत दुसऱ्यांदा आंबवतात. तीही खरीच, पण पद्धत निराळी आणि सहसा किंमतही कमी.

गोडीचे शब्दही लक्षात ठेवा, कारण ते फसवे आहेत. "ब्रूट" म्हणजे लिटरला बारा ग्रॅमपेक्षा कमी साखर, चवीला आंबटसर. "एक्स्ट्रा ड्राय" म्हटलं की आपल्याला वाटतं अगदीच कोरडी. पण ती ब्रूटपेक्षा गोड, बारा ते सतरा ग्रॅमची! गोड हवी असेल तर "डेमी सेक" मागा, तिच्यात बत्तीस ते पन्नास ग्रॅम साखर असते. केकबरोबर द्यायची तर हीच बरी. गोड केकवर ब्रूट घेतली की ती जास्तच आंबट लागते.

ताजी कशी ओळखावी?

"वाइन जितकी जुनी तितकी चांगली" हे वाक्य आपण सिनेमात ऐकतो, आणि तिथेच गोची होते. साक्याबरोबर वायनरीच्या थंड तळघरात मुरते तोवर वय तिला मानवतं. पण साका काढून बूच लावलं की तिचं घड्याळ सुरू झालं समजा. नेहमीच्या बाटल्या घरी ठेवून सुधारत नाहीत. वर्ष-दोन वर्षांत संपवलेल्या बऱ्या. काही कंपन्या साका काढल्याची तारीख मागच्या बाजूला छापतात, ती असेल तर उत्तमच. नसेल तर बाटलीवरचा महिना आणि वर्ष वाचा.

हिचे शत्रू दोन, ऊन आणि उजेड. संगमनेरच्या मे महिन्यात बंद दुकानात बाटलीचे काय हाल होत असतील, विचार करा! पांढऱ्या काचेच्या बाटलीला तर ट्यूबलाइटचा उजेडही बाधतो. अशा बाटलीतल्या वाइनला शिजलेल्या कोबीसारखा वास येऊ लागतो. म्हणून शोभेला मांडलेली बाटली कधीही घेऊ नका. "आतल्या खोक्यातली द्या" असं खणखणीत आवाजात सांगा. आपण साडी घेताना नाही का म्हणत, "घडी मोडलेली नको, आतली काढा"?

बाटली हातात घेतली की इतकं पाहा. गळ्यावरचा कागद अखंड हवा, चिकट किंवा ओघळलेला नको. उजेडासमोर धरून वाइन गळ्यात किती वर आहे ते शेजारच्या बाटलीशी ताडून पाहा. कमी असेल तर बुचातून वायू किंवा वाइन गेली असण्याचा संभव. मद्याचं प्रमाण, उत्पादकाचं नाव-पत्ता, अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक, वैधानिक इशारा आणि कमाल किंमत छापलेली हवी. परदेशी बाटलीवर आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता असलेली चिकटपट्टी हवी. ती नसेल तर किती का स्वस्त असेना, नको म्हणा.

कुणाकडून घ्यावी?

आपल्या राज्यात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली मद्याची विक्री परवान्यावरच चालते. घेणाऱ्यासाठीही वयाच्या अटी आणि परवान्याचे नियम आहेत, ते दुकानात मोकळेपणी विचारा. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. तिकडच्या मैत्रिणींनी पाहुणे आले म्हणून पिशवीतून बाटली नेऊ नये. गोव्याच्या सहलीहून येताना स्वस्त पडते म्हणून बाटल्या आणायची अनेकांना हौस असते. पण "फक्त गोव्यात विक्रीसाठी" असा माल परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊन नाक्यावर गाडी अडवून घ्यायची का?

जमत असेल तर थेट वायनरीतून घ्या. माल थंड जागेतला असतो आणि विचारायला माणूस असतो. नाहीतर जिथे वाइनची विक्री भरपूर होते, असं थंड, स्वच्छ दुकान निवडा. जिथे माल हलतो, तिथे तो शिळा होत नाही. आपण भाजीवाली निवडतो, तोच न्याय.

ओळखीच्या ओळखीतून, गाडीच्या डिकीतून मिळणारी "फॉरेन"ची बाटली कधी घेऊ नका. बिनपरवाना मद्य किती घातक असतं, ते जून २०१५मध्ये मुंबईत मालवणीला दिसलं. विषारी गावठी दारूने तिथे शंभराहून जास्त माणसं गेली, कितीतरी बायकांचं कुंकू पुसलं. ती वाइन नव्हती, पण धडा एकच. कुठून आलं हे ठाऊक नाही, ते पोटात जाता कामा नये. फोनवरून "आधी पैसे पाठवा, बाटली घरी पोचवतो, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्यांपासूनही सावध. २०२०च्या टाळेबंदीत दुकानांच्या नावाने खोटे नंबर देऊन अनेकांना असंच लुबाडलं गेलं.

आणि बिल! बिल घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले किंवा खराब माल बदलून दिला नाही, तर बिल दाखवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बनावट मालाचा संशय आला तर राज्य उत्पादन शुल्क विभागाला कळवा.

रिकाम्या बाटल्यांचंही सांगते. भंगारवाल्याला देण्याआधी त्यावरचा कागद खरवडून टाका. चांगल्या नावाच्या बाटल्यांत हलकं मद्य भरून विकणारे असतात. फेसाच्या बाटलीचं फुगलेलं बूच पुन्हा बसत नाही खरं, पण इतर बाटल्यांचं तसं नाही. आपल्या घरातली बाटली दुसऱ्या कुणाच्या घरी विष घेऊन जायला नको.

घरी आणल्यावर

बाटली गॅसच्या शेगडीजवळ किंवा खिडकीत ठेवू नका. घरातल्या थंड, अंधाऱ्या कोनाड्यात ठेवा. मुलांच्या हाती लागणार नाही अशी, हे सांगायला नको. प्रवासात डिकीत तापू देऊ नका. प्रसंगाच्या आधी तीन-चार तास फ्रिजमध्ये, किंवा अर्धा तास बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटेल.

उघडताना सिनेमातल्यासारखी हलवायची नाही. त्या बुचाने डोळा जाऊ शकतो. जाळी सैल करतानाच अंगठा बुचावर दाबून ठेवा, वर स्वच्छ पंचा टाका, बाटली तिरपी धरा, तोंड माणसांकडे नको. मग बूच न फिरवता बाटली हळूहळू फिरवा. मोठा "फट्" नको, नुसता "फुस्स" आवाज यायला हवा. उरलेली त्याच दिवशी संपवलेली बरी. गळ्यात चमचा घालून ठेवल्याने बुडबुडे टिकतात म्हणतात, त्याचा काही उपयोग नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जाताना मी पुन्हा एक बाटली नेली. वायनरीतून, डेमी सेक, तारीख वाचून, खोक्यातली काढायला लावून. आणि या वेळी कोथिंबिरीखाली दडवली नाही. भाच्याने पंचा टाकून उघडली. बारीक "फुस्स" झालं, आणि पेल्यात मण्यांच्या माळा उठाव्यात तसे बुडबुडे वर चढू लागले. सगळे कौतुकाने बघत राहिले. ताईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, यापेक्षा माझं कोकम सरबत बरं गं!"

सगळे खो खो हसलो. मीही हसले. आवडणं न आवडणं ज्याचं त्याचं. पण या वेळी जे आणलं होतं ते खरं होतं, ताजं होतं, आणि त्याचं बिल माझ्या पर्समध्ये, तेलाच्या डब्याच्या बिलाशेजारी घडी करून ठेवलेलं होतं.